आज फक्त रक्त थांबवायचं

३ फेब्रुवारी

चिरंजीव सोक्षमोक्ष यांस,

अक्षर पाहून पाकीट परत पाठवू नकोस. अक्षर माझंच आहे. पाठीवर पडून, पोटावर पुठ्ठा ठेवून लिहिलं की संस्कृत शिकवणारीचं अक्षरही डॉक्टरांसारखं होतं, एवढा शोध मी या महिन्यात लावला.

सहा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा पत्रास काही कारण हवं. कारण तू विचारलंस. आपल्या मावसबहिणीला, म्हणजे घराण्याच्या आकाशवाणीला, तू फोनवर विचारलंस म्हणे, "ताई जिवंत आहे ना? बरं." आणि फोन ठेवलास. त्या 'बरं'ला हे उत्तर. जिवंत आहे.

अपघात किरकोळ. शाळेत नवे बाक घेऊन ट्रक आला होता. तो मागे घेताना ड्रायव्हरला मी दिसले नाही आणि मला ट्रक दिसला नाही, कारण बाक आधी पाचवीला द्यावेत की दहावीला, यावर मी मुख्याध्यापिकाबाईंशी वाद घालत होते. बाई ट्रकच्या बाजूला उभ्या होत्या, मी ट्रक आणि भिंत यांच्या मधोमध. इतकी वर्षं मी पोरांना बाकावर उभं करत आले, त्या कुळाने सूड उगवला असं शिक्षकांच्या खोलीत सर्वानुमते ठरलं आहे. वाद मात्र मी जिंकले. बाक पाचवीला गेले. रक्तात पडलेल्या बाईला नाही कोण म्हणणार?

कंबरेचं हाड मोडलं. यकृताला चीर गेली. प्लीहा काढून टाकली. शरीराच्या अवयवांची नावं अण्णांनी आपल्याकडून घोकून घेतली होती, आठवतं? 'प्लीहा' म्हणताना तू दर वेळी थुंकी उडवायचास. मला वाटायचं, हा शब्द जन्मात कधी उपयोगाला येणार? आला. आला तेव्हा वस्तू गेली.

आता तुझ्या कामाची गोष्ट सांगते, कारण ती ऐकल्यापासून मला तूच आठवतोयस.

मला ऑपरेशनला घेतलं तोवर माझं रक्त पाण्यासारखं झालं होतं. गोठायचं विसरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नंतर मला सोप्या भाषेत समजावलं, पाचवीला समजावतात तसं. खूप रक्त गेलं की अंग गार पडतं, आणि गार रक्त गोठत नाही. गोठत नाही म्हणून आणखी जातं, आणखी गेलं की आणखी गार. त्यात जखम बुजवण्याचं सामान पहिल्याच धावपळीत संपलेलं असतं. अशा वेळी नुसतं लाल रक्त भरून भागत नाही. लाल पिशवीबरोबर पिवळी, पिवळीबरोबर रक्त गोठवणाऱ्या कणांची, शिवाय कॅल्शियम, शिवाय गरम हवेचं पांघरूण. रक्तपेढीने माझ्यासाठी कपाट झाडून दिलं. आता माझ्या अंगात इतकी अनोळखी माणसं फिरताहेत की 'मी' म्हणताना मला 'आम्ही' म्हणावंसं वाटतं. मुळात सवय होतीच, असं तू म्हणशील.

तर बाहेर तुझे भावजी बसलेले. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "आत कापड दाबून बांधून ठेवलंय. पोट उघडंच आहे."

हे म्हणाले, "उघडं? म्हणजे झालं नाही?"

"झालं नाही. आज करायचंही नाही. आज फक्त रक्त थांबवायचं. त्या गरम होऊ देत, रक्त ताळ्यावर येऊ दे. बाकी परवा."

"आणि आजच सगळं केलं तर?"

"तर काम फार सुंदर होईल. पाहायला त्या नसतील."

तुझे भावजी वजनकाटे दुरुस्त करतात हे सहा वर्षांत विसरला नसशील. त्यांना ते लगेच पटलं. तुला पटलं असतं का, याचा मी इथे पडल्या पडल्या विचार करते. तू सर्जनचा हात धरून त्याला परत आत नेलं असतंस.

बाकी सर्व क्षेम. जेवण बेचव, पाणी मोजून. पाणी का मोजून ते विचारू नकोस.

अजून तरी तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

अरे दानशूरा,

जाड पाकीट मिळालं. रक्तगट, साखर, पोटाची सोनोग्राफी, छातीचा फोटो, आणि त्यावर टाचलेली चिठ्ठी: "किडनी देतो. तारीख कळवा." सहा वर्षांनी उत्तर आलं. त्यात 'ताई' नाही, 'कशी आहेस' नाही. अवयव आहे.

म्हणजे आकाशवाणीने तेही प्रसारित केलं. ठीक. मी लपवलं होतं. मूत्रपिंडं बंद पडली आहेत. रक्त तुटलं तेव्हा शरीराने मेंदू आणि हृदय वाचवायला बाकीच्यांचा पुरवठा तोडला, आणि ही दोघं रुसली ती रुसलीच. दिवसाआड मला यंत्राला जोडतात. रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं. चार तास छताकडे पाहायचं. तिथे ओल आलेली आहे आणि तिचा आकार अगदी तुझ्या नाकासारखा आहे.

किडनीचे डॉक्टर फार कमी बोलतात. मी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं आहे. त्यांना तुझे कागद दाखवले.

"हे कोण?"

"धाकटा भाऊ."

"कोणी मागितली?"

"कोणीच नाही."

"मग?"

"त्याला सगळं आजच्या आज लागतं."

मौनीबाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "त्यांना सांगा, जपून ठेवा. तुमची मेलेली नाहीत, दमलीत. येतील कदाचित. नाही आली तर काही महिन्यांनी बोलू." आणि गेले. 'कदाचित' हा शब्द त्यांनी फार काळजीपूर्वक उच्चारला. मी शब्दांवर पोट भरणारी बाई, मला तो ऐकू आला.

आता तुझ्यापुरतं. तू भला माणूस आहेस, हे मी कधी नाकारलं नाही. अडचण एवढीच की तू भलेपणाही टेम्पो ठरवून करतोस. आईच्या खोलीचं तसंच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू टेम्पो घेऊन दारात. मी पहिलाच खण उघडून बसले होते. चष्म्याची घरं, बटणं, सुयांवर अर्धा विणलेला तो राखाडी स्वेटर. संध्याकाळी मान वर केली तर खोलीत भिंती होत्या फक्त, आणि तू मालकाच्या हातात किल्ली ठेवत होतास. मी म्हटलं, "तू आईला दुसऱ्यांदा पोचवलीस." तू म्हणालास, "तुझ्यावर सोडलं असतं तर आई अजून पलंगावरच असती." दोन्ही वाक्यं बांधेसूद होती. अण्णांना आवडली असती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तू म्हणालास, एकदाचं सगळं बोलून टाकू. रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून आपण लहानपणापासूनचं सगळं काढलं. जितकं बोलू तितकं वाहत गेलं. आता वाटतं, त्या दिवशी आपण दोघंही गार पडलेलो होतो. तशात टाके घालायला बसलो.

अण्णांचा सूचीकटाह न्याय आठवतो? लोहाराकडे एकाने कढई मागितली, दुसऱ्याने सुई. शहाणा लोहार आधी सुई करून देतो, मग कढईला हात घालतो. अण्णा ही गोष्ट मुद्दाम तुझ्याकडे पाहून सांगायचे आणि तू खिडकीबाहेर पाहायचास. तू मला एकदम कढई पाठवलीस. ती परत करते आहे, कागदांसकट. सुई पाठव. तिला दोन-तीन शब्द पुरतात.

किडनी देऊन फिट्टंफाट करणार होतास ना? मग मी जन्मभर तुझ्यावर रागावायचं कशाच्या जोरावर?

ताई


९ मार्च

(पत्र तिचं, हात माझा. तुमचे भावजी.)

प्रिय सोक्षमोक्ष,

सुई मिळाली. "ताई, कशी आहेस?" एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच. मी कागद उलटून पाहिला, उन्हात धरून पाहिला. बरं वाटलं. तेव्हा उत्तर: मी मजेत आहे.

(मजेत नाही. ताप चढला, फुफ्फुसांनी त्रास दिला, मधले काही दिवस पुन्हा अतिदक्षता विभागात होती. आता बाहेर आणलंय. हात कापतो म्हणून लिहायला मला बसवलंय.)

अहो, काय लिहिताय एवढं? मी तर तीन शब्द सांगितले.

(मी म्हणालो, अक्षर नीट काढतोय.)

लिहा पुढे. यंत्राची आता ओळख झाली आहे. रक्त जातं आणि येतं, माहेरपणाला गेलेल्या मुलीसारखं. येताना जरा सुधारून येतं. तिथे शेजारच्या खाटेवर एक शिंपीणबाई असतात, बरीच वर्षं यंत्रावर आहेत. त्यांनी मला सांगितलं, "पहिल्या दिवशी रडायचं, दुसऱ्या दिवशी नर्सशी भांडायचं, तिसऱ्या दिवसापासून उशी घरून आणायची." मी पहिले दोन टप्पे एकाच दिवसात उरकले. बघ, तुझे गुण माझ्यातही आहेत.

(उशी मी नेली.)

शिंपीणबाई विचारत होत्या, भावाचं काय काम असतं? मी सांगितलं, मोठ्या इमारतींच्या लिफ्ट बसवतो. त्या म्हणाल्या, मग बरोबर, त्याला मधे अडकलेलं चालणारच नाही.

तू येऊ नकोस हं. उगाच रजा खर्च होते. इथे पाहण्यासारखं काही नाही.

(परवा ती मला म्हणाली, "त्याला बोलावू नका. तो आलेला दिसला तर मला कळेल की माझं संपत आलंय." म्हणून मी बोलावत नाही. जे आहे ते सांगतो. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. आमच्या धंद्यात काटा हलत असताना आकडा वाचत नाहीत. काटा अजून हलतोय.)

झालं का लिहून? वाचून दाखवा.

(वाचून दाखवलं. कंस सोडून.)

तुझी ताई


२७ मार्च

चिरंजीव,

हे पत्र जेवताना वाचू नकोस.

लघवी झाली.

ज्या भाषेने या क्रियेला 'लघुशंका' म्हटलं तिच्यापुढे मी आजन्म नतमस्तक आहे, कारण गेले कित्येक आठवडे या घराला दुसरी कसली शंकाच नव्हती. दहा दिवसांपूर्वी सकाळी तुझे भावजी रोजच्यासारखे खाली वाकून पिशवी पाहत होते आणि तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, कंबर धरली. म्हणाले, "अगं, आहे." "काय आहे?" "आहे." चहाच्या रंगाचं, चमचाभर. त्यांनी खिशातून छोटा काटा काढला आणि पिशवी त्याला अडकवली. नर्स धावत आली. "अहो काका, हे काय बाजारात आलाय का? त्यावर खुणा आहेत!" हे म्हणाले, "खुणा अंदाजाच्या असतात." मी हसले, हसताना टाके दुखले, दुखले म्हणून रडले, आणि मग का रडते आहे ते विसरून रडत राहिले. नर्सने दोघांनाही दम भरला.

मौनीबाबा आले. त्यांनी पिशवी खिडकीपाशी उजेडात धरली, जवाहिऱ्या मोती धरतो तशी. म्हणाले, "हं." त्यांच्या चेहऱ्याच्या मानाने हे व्याख्यानच.

दुसऱ्या दिवशी कपभर. मग तांब्याभर. मग इतकी की यंत्राची पाळी एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, आणि काल गळ्याजवळची नळी काढली. अजून रक्त तपासत राहणार आहेत. मूत्रपिंडं पूर्वीसारखी शंभर नंबरी होतील असं कोणी म्हणत नाही. पण माझी आहेत आणि कामावर आली आहेत. उशिरा येणाऱ्याला मी शाळेतही बाहेर उभं करत नाही, फक्त टोमणा मारते.

शिंपीणबाईंना सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांची येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं सांग की मोकळेपणानं. मला काय, आता खिडकीकडची खाट मिळाली." मग माझी उशी मागून घेतली.

आकाशवाणीकडून आणखी एक कळलं. किडनी परत आल्याच्या रागात तू तडक जाऊन रक्त देऊन आलास म्हणे. रागाने केलेलं दान मी प्रथमच ऐकलं. पण ज्यांनी माझ्यासाठी दिलं, त्यांतला एखादाही कोणावर तरी चिडूनच गेला असेल. माझ्या अंगात ते रक्त मुळीच कुरकुरलेलं नाही.

तेव्हा आता परिस्थिती अशी: मी मरत नाही, तुझा अवयव नको, आणि घरी सोडायची तारीख ठरते आहे. तुला यायला एकही कारण उरलेलं नाही. म्हणून ये.

अट एकच. सोक्षमोक्ष करायचा नाही.

(मागच्या पत्रातल्या कंसांची यांनी कबुली दिली आहे. या पत्रात यांचे कंस नाहीत. हे म्हणतात, लिहिण्यासारखं काही राहिलं नाही.)

ताई


१६ मे

चिरंजीव यांस,

नीट पोचल्याचं कळलं. तुझ्या तोंडून कळलं, आकाशवाणीकडून नाही, याची तिला फार बोच लागली आहे.

तू गेल्यावर घर शांत आहे. तू होतास तेव्हाही शांतच होतं म्हणा, दोन दिवस. दारात उभा राहून तू माझ्याकडे असा पाहत होतास, जणू चुकीच्या मजल्यावर उतरलास. मी बारीक झाले आहे हे मला ठाऊक आहे. काठी धरून चालते तेव्हा पाठमोरी आईसारखी दिसते हे मात्र तू सांगितलंस म्हणून कळलं. सांगून तू लगेच न्हाणीघर मोजायला निघून गेलास.

तिसऱ्या संध्याकाळी तू खुर्ची ओढून बसलास. मला तुझा चेहरा कळतो. तू म्हणालास, "ताई, त्या दिवशी..." आणि मी म्हटलं, "आज फक्त चहा."

तू चिडलास. "म्हणजे कधी बोलायचंच नाही?"

"बोलायचं ना. उद्या एक खण."

"एक खण म्हणजे?"

"एक वस्तू. एकच. तू निवड."

"हे काय हॉस्पिटलातलं खूळ आणलंस?"

"खूळ नाही. याच खुळावर मी बसले आहे समोर तुझ्या."

मला वाटलं होतं तू रात्रीच बॅग भरशील. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तू येऊन बसलास आणि म्हणालास, "स्वेटर."  हे उठून आत गेले, दिवा लावायचं निमित्त करून. मग तू म्हणालास, स्वेटर टेम्पोत गेलाच नव्हता. तुझ्याकडे आहे. सुयांवरच आहे. पुरा करायला एका विणणाऱ्या बाईकडे नेला होतास, आणि तिने सुया काढायला हात घातला तसा तू तो ओढून घेऊन परत आलास. "उसवला असता," म्हणालास.

 तुला वाटलं असेल, ताई तोलून मापून गप्प बसली. नाही रे. मला शब्दच सुचला नाही. चाळीस वर्षांच्या घोकंपट्टीत एकसुद्धा नाही.

दुसऱ्या वस्तूपर्यंत आपण गेलोच नाही. चष्मे राहिले, बटणं राहिली, ती दोन बांधेसूद वाक्यं राहिली. राहू देत.

आता तक्रार. न्हाणीघरातली माझ्या आधाराची दांडी. एक टोक तू भिंतीत असं ठोकलंस की इमारत पडेल पण ते टोक पडणार नाही. दुसरं टोक हवेत. ड्रिलचं पातं बोथट झालं, गाडीची वेळ झाली, आणि तू हात पुसत म्हणालास, "पुढच्या वेळी नवं पातं आणतो." मी आणि तुझ्या भावजींनी एकमेकांकडे पाहिलं. तू काम अर्धं टाकून निघालास! अण्णा असते तर त्यांनी तुझी नाडी पाहिली असती.

तू गेल्यावर हे म्हणाले, "माझ्याकडे पातं आहे. दहा मिनिटांचं काम आहे, पुरं करून टाकतो." ड्रिल घेऊन आत गेलेसुद्धा. मी काठी टेकत मागोमाग गेले आणि म्हटलं, "राहू द्या. ते त्याचं आहे."

"अगं, पण चुकून हात ठेवलास तर?"

"मग बांधून ठेवा."

त्यांनी हवेतल्या टोकाला कापड गुंडाळून घट्ट बांधलं आहे, कोणी धरू नये म्हणून. पाहिलं की मला माझं पोट आठवतं. तोवर मी यांचा खांदा धरते. तोही एका बाजूला कललेलाच आहे, पण पक्का आहे.

काल रक्त तपासलं. मौनीबाबांनी कागद पाहिला आणि या वेळी दोन शब्द बोलले: "छान. पुढं." शाळा जूनपासून अर्धा दिवस. पाचवीच्या मुलांनी सुटीआधीच नव्या बाकांवर नावं कोरली अशी बातमी आहे, तेव्हा मला ताबडतोब रुजू व्हावं लागेल.

तू सवडीने ये. पातं आणायला विसरू नकोस. आणि एकच आण. दोन आणून अख्खं न्हाणीघर पुरं करायला बसू नकोस.

ताई